तूप-लोणी कमी घालून घरी केलेली गव्हा-नाचणीची बिस्किटं कुरकुरीत होतात का? ठाण्याच्या दमट हवेत मऊ पडणार नाहीत ना?

होतात, पण पोळी पातळ लाटायला हवी आणि ओव्हनची आच मंद ठेवायला हवी. नानकटाईत पिठाच्या जवळजवळ निम्मं तूप असतं, तेच तिला खुसखुशीत करतं. तूप कमी केलं की कणकेतलं ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) चिवट होतं आणि बिस्किट दगडासारखं लागतं. नाचणीत ग्लुटेन नसतं, म्हणून ती इथे फार उपयोगी. जांभळी नाक्याच्या बाजारातून नाचणी आणून गिरणीत बारीक दळून घ्या, जाड पीठ दाताखाली कचकचतं.

प्रमाण, मी नेहमी करते तेच:
- 1 वाटी कणीक, अर्धी वाटी नाचणीचं पीठ
- पाव वाटी गुळाची पावडर, चिमूटभर मीठ, वेलची
- अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर
- 2 मोठे चमचे तेल, लागेल तसं दूध

तेल आधी पिठाला नीट चोळा, मग दुधाने गोळा जेमतेम जमवा, मळू नका. पोळी साधारण 3 मिलिमीटर जाड लाटा, काट्याने टोचा, 160 अंशांवर 18-20 मिनिटं भाजा. कडा तांबूस झाल्या तरी मधला भाग दाबून पाहा. दबला तर आणखी 3-4 मिनिटं ठेवा. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्यात मऊ पडलीच तर 120 अंशांवर 5-7 मिनिटं पुन्हा तापवा.

मात्र तेल कमी असलं तरी गूळ ही साखरच. मधुमेह असेल तर एक-दोनवरच थांबा.