मुंबईतील माहीम मुळात कोणाचे, आणि बखरीतील महिकावती म्हणजे हेच माहीम का?

आपण विचारले आहे की सोसायटीच्या स्मरणिकेसाठी माहीमचा इतिहास लिहिताना सभासदांत वाद झाला. एका गटाच्या मते माहीम ही बिंबराजाची राजधानी महिकावती असून त्याने सोबत आणलेली कुळे हेच मूळ माहीमकर आहेत. दुसऱ्या गटाच्या मते माहीमला ओळख दिली ती येथे ज्यांचा दर्गा आहे त्या मखदूम बाबांनी. कोळीवाड्याजवळ राहणाऱ्या एका सभासदाने दोन्ही गटांचे म्हणणे हसण्यावारी नेले. यांपैकी खरे कोण, असा आपला प्रश्न आहे.

माझे बालपण माहीमच्या कापड बाजारामागे गेले आणि माझे आजोळ पालघरजवळच्या केळवे-माहीमला आहे. त्यामुळे हा वाद मी लहानपणापासून घरातच ऐकत आलो आहे, आणि माझे मत पूर्णपणे तटस्थ आहे असा दावा करत नाही.

प्रथम बखरीविषयी, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. 'महिकावतीची बखर' इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1924 मध्ये संपादून छापली. ती एका लेखकाची किंवा एका काळातली कृती नाही. वेगवेगळ्या वेळी लिहिलेली प्रकरणे पुढे एकत्र बांधली गेली असून तिच्यातला सर्वांत जुना भाग शके 1370 मध्ये, म्हणजे इसवी सन 1448 च्या सुमारास, केशवाचार्य याने लिहिला. मालाडचा देसला (परगण्याचा वतनदार) नायकोराव याला देवीने दृष्टांत दिला, 'महाराष्ट्रधर्म' रक्षण्यास सांगितले, आणि त्यासाठी कुळांचे व वृत्तींचे (वंशपरंपरागत हक्कांचे) मूळ लोकांना समजावून द्यावे असे ठरले, अशी त्यामागची हकीकत आहे. म्हणजे हा ग्रंथ मुळातच कुळांचा अधिकार आणि प्रतिष्ठा नोंदवण्यासाठी लिहिला गेला. त्यामुळे पंधराव्या शतकात उत्तर कोकणातले लोक स्वतःकडे कसे पाहत होते हे जाणण्यासाठी त्याचे मोल फार मोठे आहे, पण त्याच्या तीनशे वर्षे आधी काय घडले याचा साक्षीदार म्हणून तो उभा केला की अडचण येते.

राजवाड्यांच्या वाचनाप्रमाणे प्रताप बिंब शके 1060 मध्ये, म्हणजे 1138 मध्ये, गुजरातच्या बाजूने उत्तर कोकणात उतरला, त्याने 66 कुळे आणली आणि माहीमला राजधानी केली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईचा इतिहास लिहिणारे इंग्रज अधिकारी एस. एम. एडवर्ड्स यांनी निराळी मांडणी स्वीकारली. तिच्यानुसार अल्लाउद्दीन खिलजीने 1294 मध्ये देवगिरीवर स्वारी केल्यानंतर रामचंद्र यादवाचा पुत्र बिंबदेव किंवा भीमदेव कोकणात आला आणि त्याने माहीम वसवले. दोन्ही मांडण्यांत बिंब नावाचा राजा, माहीमची राजधानी आणि सोबत आलेली कुळे आहेत. फरक दीडशे वर्षांचा आणि वाटेचा आहे. वाटेचा हा फरक वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. पाठारे प्रभू, पाचकळशी आणि त्यांच्याशी संबंधित समाजांत 'आपण पाटणकडून आलो की पैठणकडून', म्हणजे गुजरातेतून की यादवांच्या मुलुखातून, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चर्चिला गेला आहे, आणि बिंब कोणत्या दिशेने आला यावर त्याचे उत्तर अवलंबून राहते.

माझा कल कोणत्या बाजूला आहे ते सांगतो. 1138 या सालापासून माहीममध्ये बिंबांचे स्वतंत्र राज्य सलग चालू होते हे मला पटत नाही, कारण दगडावरचा पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. माहीमपासून थोड्याच अंतरावर, परळला, उत्तर कोकणातल्या शिलाहार घराण्याचा राजा अपरादित्य याचा 1187 चा शिलालेख सापडला असून त्यात साष्टी (मुंबईच्या उत्तरेकडचे बेट) भागातल्या जमिनीच्या उत्पन्नाच्या दानाची नोंद आहे. ज्या प्रदेशावर बिंबांचे राज्य होते म्हणून आपण सांगतो, त्याच प्रदेशात शिलाहार राजा अधिकाराने दाने देत होता. पुढे शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर यादवांशी लढताना समुद्रात बुडाला. ती घटना साधारण 1265 ची मानतात. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवरचे (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवरचे) नौकायुद्ध त्याच प्रसंगाचे असावे असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. (ते वीरगळ आपण पाहिले नसतील तर स्मरणिका बाजूला ठेवून आधी ते पाहून यावे, असे मी आग्रहाने सुचवेन.) यादवांच्या उतरत्या काळात एखादा बिंब येथे ठाणे करून राहिला असेल, हे मला अधिक संभवनीय वाटते, मात्र या मताचा आधारही मुख्यतः परंपरा आणि नंतरचे कागद हाच आहे, हे विसरता कामा नये.

आता नावाचा प्रश्न. माहीम दोन आहेत, आणि बखरीत दोन्ही येतात. पालघर जिल्ह्यातल्या केळवे-माहीममध्ये महिकावती देवीचे देऊळ आजही आहे, आणि आजोळची मंडळी मुंबईच्या माहीमला कायम 'तुमचे नवे माहीम' म्हणत. एका वाचनाप्रमाणे बिंबाने प्रथम केळवे-माहीम घेतले, तिकडचा मुलूख हातचा गेल्यावर तो मुंबईच्या बेटावर आला, आणि जुन्या राजधानीचे नाव त्याने नव्या जागेला दिले. लोक गाव सोडताना देव आणि नाव बरोबर नेतात हे कोकणात इतक्या ठिकाणी दिसते की मला हे वाचन पटते. शीतलादेवीचेच उदाहरण घ्या: तिचे देऊळ केळव्याला आहे आणि आपल्या माहीमलाही आहे. म्हणजे महिकावती हे नाव मुंबईच्या माहीमला लागू पडते, पण ते मुळात येथेच जन्मले असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

वादाच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. मखदूम अली माहिमी यांचा जन्म 1372 चा आणि मृत्यू 1431 चा. ते नायते किंवा नवायत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अरबस्तानाशी समुद्रमार्गे जोडलेल्या समाजातले होते, आणि आज केवळ बाबा म्हणून पूजले जात असले तरी मुळात ते मोठे विद्वान होते. कुराणावर त्यांनी अरबीत लिहिलेली टीका, म्हणजे भाष्य, एकोणिसाव्या शतकात थेट कैरोला छापली गेली. दर वर्षी डिसेंबरच्या सुमारास भरणाऱ्या माहीमच्या जत्रेत पहिला मान माहीम पोलिसांचा असतो, हे आपणास ठाऊकच असेल. पण स्मरणिकेच्या दृष्टीने माझे लक्ष वेधून घेते ती सालांची जवळीक. मखदूम साहेबांचा मृत्यू 1431 मध्ये झाला आणि केशवाचार्याने बखरीतला आपला भाग 1448 च्या सुमारास लिहिला. दोघांमध्ये एका पिढीचेही अंतर नाही. दोघांच्याही काळात माहीम गुजरातच्या सुलतानांचे ठाणे होते, आणि 1430 च्या आसपास बहामनी सरदाराने ते काही काळ जिंकून घेतल्यावर गुजरातच्या फौजेने परत मिळवले होते. ज्या गजबजलेल्या बंदरात एक जण अरबीत टीका लिहीत होता, त्याच्याच परिसरातल्या कुळांची मराठी हकीकत दुसरा जण लिहून ठेवत होता. तेव्हा 'आधी कोण' हा वाद घालणारे आपले दोन्ही गट प्रत्यक्षात एकाच शतकाच्या कागदांवर उभे आहेत.

पोर्तुगीजांचा भाग आपल्या चर्चेत कोणीच काढला नाही याचे मला आश्चर्य वाटले, कारण माहीमच्या ओळखीत त्यांनी केलेली मोडतोड आणि भर दोन्ही मोठ्या आहेत. 1534 च्या वसईच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने ही बेटे त्यांना दिली, आणि सेंट मायकल चर्चची परंपरा तेव्हापासूनची सांगितली जाते. आजची इमारत मात्र 1973 ची आहे. पाठारे प्रभूंची कुलदेवता प्रभावती हिचे माहीममधले देऊळ पोर्तुगीज काळात गेले आणि मूर्ती विहिरीत दडवली गेली, अशी परंपरा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी तिची पुन्हा स्थापना झाली ती दक्षिणेला, आणि त्या देवीवरून तो भागच प्रभादेवी झाला. म्हणजे माहीमची देवी आज दुसऱ्याच वस्तीला नाव देऊन बसली आहे. याच्या उलटही घडले: मराठ्यांनी साष्टी घेतली तेव्हा वांद्र्याच्या मोत माउलीची (माउंट मेरीची) मूर्ती सुरक्षिततेसाठी माहीमच्या चर्चमध्ये आणली गेली आणि 1761 पर्यंत ती येथेच होती.

माहीम मुंबईचा भाग आहे की नाही, हा वादही एकदा अगदी खरोखरीचा झाला होता. 1661 च्या विवाहतहाने पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, आणि 1665 मध्ये इंग्रजांचा अधिकारी हंफ्री कुक ताबा घ्यायला आला तेव्हा पोर्तुगीजांचे म्हणणे होते की दिले ते मुंबईचे बेट. माहीम हे निराळे बेट असून ते तहात येत नाही. कुकचा युक्तिवाद असा होता की ओहोटीला एका बेटावरून दुसऱ्यावर पायी जाता येते, त्यामुळे ही दोन्ही एकच. त्याने माहीम घेतले आणि पोर्तुगीज निषेध करत राहिले. आपण आज 'माहीम, मुंबई' असा पत्ता लिहितो तो ओहोटीच्या भरवशावर, असे मी गमतीने म्हणतो. पण त्यात तथ्य आहे.

नंतरच्या काळाविषयी थोडक्यात. 1684 मध्ये माहीमच्या किल्ल्याची बांधणी झाली, 1689 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने तो घेतला, आणि 1845 मध्ये लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून वांद्र्याला जोडणारा रस्ता खुला झाल्यावर माहीमचे बेटपण आणि बंदरपण दोन्ही संपले. ज्याला 'माहीमची झाडी' म्हणत, त्या भंडाऱ्यांच्या माडांच्या वाड्या हळूहळू इमारतींखाली गेल्या. आजच्या शिवाजी पार्कचे नाव 1925 मध्ये 'माहीम पार्क' होते, आणि 1927 मध्ये ते बदलले. तिथला रहिवासी आज पत्ता दादरचा सांगतो आणि विधानसभेला मत मात्र माहीम मतदारसंघात देतो. भुयारी मेट्रोचे स्थानक झाले तेही माहीमच्या नावाने नव्हे, शीतलादेवीच्या. 'माहीम मराठी की मुसलमानी' या वादात पहिला बोलणारा बहुधा मतदारसंघाचे माहीम धरून बोलतो आणि दुसरा दर्ग्यापासून कापड बाजारापर्यंतचे. दोघे दोन वेगळ्या नकाशांवर बोट ठेवून भांडतात.

राहता राहिले कोळी. त्यांची बखर नाही, टीका नाही, तहात त्यांचे नाव नाही. पण बखर स्वतःच सांगते की 66 कुळे *आली*. आणि समुद्रातल्या बेटावर उतरायचे तर होड्या आणि वाट दाखवणारे कोणीतरी तेथे आधीपासून असणारच. लेखी पुराव्यावर मी आतापर्यंत इतका जोर दिला असला तरी, आपल्या त्या हसणाऱ्या सभासदाच्या बाजूला सर्वांत भक्कम तर्क आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. माहीम कोळीवाड्यातल्या ज्येष्ठांच्या आठवणी, खाडीतल्या जागांची त्यांची नावे आणि देवींच्या मानपानाच्या रीती आपण स्मरणिकेसाठी ध्वनिमुद्रित करून घेतल्या, तर छापील पुस्तकांतून उतरवलेल्या चार पानांपेक्षा त्या अधिक मोलाच्या ठरतील.

आणि पहिल्या पानावर 1138 हे साल घालायचेच असेल, तर त्याच्या आधी 'बखरीच्या एका वाचनानुसार' एवढे शब्द अवश्य छापा. परळचा शिलालेख वाचलेला एखादा सभासद आपल्याकडेही निघू शकतो.