निर्णय घेताना सरकारी योजनांच्या मूल्यमापनाचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण ‘योजना चालली की नाही’ एवढंच विचारून भागत नाही. ती कुठे अडली हे शोधावं लागतं. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचंच बघा. २००१ ते २००३ दरम्यान मुंबई-वडोदऱ्याच्या पालिका शाळांत तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज दोन तास ‘बालसखी’कडे, म्हणजे शिकवायला नेमलेल्या वस्तीतल्याच तरुणीकडे, पायाभूत वाचन-गणित शिकायला बसायची. चाचण्या घेतल्या, गुण वाढलेले दिसले. पुढे बिहारमध्ये हीच पद्धत सरकारी शिक्षकांना शिकवली. उन्हाळी शिबिरात जमलं, शाळा सुरू झाल्यावर नाही! वर्गात अभ्यासक्रम पुरा करायची घाई. मला तर हाच निष्कर्ष सगळ्यात मोलाचा वाटतो. म्हणून २०१२-१३ मध्ये हरियाणात यासाठी वेळापत्रकात वेगळा तास काढला, मुलं इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवली. शिकवणारे सरकारी शिक्षकच, तरी मुलांचं हिंदी सुधारलं.