शवासनात रडू येणाऱ्या बाईंना ध्यान वाढवून द्यावं का?

विचारणाऱ्या ताईंनी नुकतीच योगोपचाराची पदविका घेतली आहे. त्यांच्याकडे येणाऱ्या एका बाईंचे यजमान गेल्या वर्षी वारले. आसनं व्यवस्थित होतात, पण शवासनात बाई रडतात. त्यांच्या भावनिक आणि आध्यात्मिक गरजेप्रमाणे उपचारात काय बदल करावा, ध्यान वाढवावं का, असा प्रश्न आहे.

वाढवू नका. निदान आत्ता तरी नाही. खरं तर एवढ्यावर थांबता आलं असतं, पण या विषयावरून माझं एका माणसाशी जुनं भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही, तेव्हा उत्तर लांबणार.

साताऱ्यात एका योगकेंद्रात मी काही वर्षं शिकवत होते. तिथे एक काकू यायच्या. साठी उलटलेली, गुडघे आखडलेले, झोप उडालेली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'योगा' एवढाच शब्द लिहून पाठवलेलं. यजमान एसटीत नोकरीला होते. हृदयविकाराचं निमित्त झालं, काही दिवस आयसीयूत काढले आणि गेले. केंद्रातला वर्ग म्हणजे ठरलेला क्रम: ओंकार, सूर्यनमस्कार, आसनं, कपालभाती, अनुलोम-विलोम आणि शेवटी पडदे ओढून, दिवे घालवून चांगलं पाव तास शवासन. पहिल्याच आठवड्यात अंधारात काकूंचा हुंदका ऐकू आला. आमचे केंद्रप्रमुख, त्यांना सगळे सर म्हणत, ते माइकवरून म्हणाले, "बघा, आतली गाठ सुटतेय. येऊ दे, अडवू नका." झाडून सगळ्या माना वळल्या. काकूंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला, उठल्या, चटई तिथेच टाकून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. सर मात्र पुढच्या शिबिरात हीच गोष्ट केंद्राचं यश म्हणून सांगत होते.

रडणं म्हणजे गाठ सुटणं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. जिला रात्री तीनला जाग येते आणि उजाडेपर्यंत आढ्याकडे बघत पडावं लागतं, तिला तुम्ही दिवसासुद्धा अंधारात उताणं झोपवून डोळे मिटायला लावता, मग दुसरं काय होणार? कामाच्या रगाड्यात मागे ढकललेलं सगळं पुढे येऊन उभं राहतं. त्याला शुद्धी वगैरे नाव देऊन आपण आपलीच पाठ थोपटून घेतो.

मी काकूंच्या घरी जायला लागले. सरांना न विचारता, हे त्यांना अजून खुपतं. पहिल्या दिवशी आसन नाही, प्राणायाम नाही, चहा आणि गप्पा. तेव्हा कळलं, घर माळकरी. संध्याकाळी दिवा लावला की दोघं मिळून हरिपाठ म्हणायची. ते गेल्यापासून बंद. बैठकीत खिळ्याला टाळांचे दोन जोड टांगलेले. एकाची दोरी मळून काळी झालेली, दुसऱ्याची कोरी. कोरी दोरी यजमानांच्या टाळाची, शेवटच्या वारीत पंढरपुरात बदलून घेतलेली. काकू टाळ पुसून ठेवत होत्या, पण वाजवत नव्हत्या.

दुसऱ्या भेटीत मी भ्रामरी घेतली, म्हणजे कान झाकून भुंग्यासारखं गुंजन करत श्वास सोडायचा. अस्वस्थ माणसाला भ्रामरी द्यावी हे आपल्याकडे कुणीही सांगेल, तुम्हालाही शिकवलं असेल. दोनदा गुंजन झालं आणि काकू कानावरचे हात काढून म्हणाल्या, "नको गं हे. तिथलं मशीन असंच वाजायचं." संपलं. भ्रामरी पुन्हा काढली नाही. पुस्तकात कितीही चांगली असली तरी या बाईच्या कानात ती आयसीयूच घेऊन येत होती.

मग उभ्यानेच सुरुवात केली. स्वयंपाकाच्या ओट्याला हात धरून ताडासन, श्वास घेताना टाचा वर, सोडताना खाली. पायाखाली फरशी आहे, हाताखाली ओटा आहे, एवढं अंगाला कळत राहिलं तरी शोकातल्या माणसाचं भरकटणं कमी होतं. पुढचं खुर्चीवर, गुडघ्यांना जमेल तेवढं. शवासनाच्या जागी डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांत उशी, खिडकी उघडी आणि डोळेही उघडे. तेही दोन-तीन मिनिटंच. मग एक दिवस म्हटलं, "काकू, मला एक अभंग म्हणून दाखवता का?" त्यांनी म्हटला. आवाज फाटत होता, मध्ये थांबल्या, पाणी प्यायल्या, पण पूर्ण केला. एकेक चरण एकेका रेचकात, म्हणजे श्वास सोडताना, जात होता. पूरक-रेचकाचं, श्वास घेण्या-सोडण्याचं, जे प्रमाण मी आकडे मोजून शिकवलं असतं, ते त्यांच्या तोंडात लहानपणापासून बसलेलं होतं.

ही नुसती भाबडी गोष्ट नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी २३ जणांवर केलेला एक अभ्यास २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला होता. लॅटिनमधली रोझरीची, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची, प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला साधारण ६ वर आला आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. म्हणजे गोव्यातली एखादी आजी संध्याकाळी तेर्स, म्हणजे हीच रोझरी, म्हणते तेव्हा तिचाही प्राणायामच चाललेला असतो. तुमच्या बाईंकडे असं काय आहे ते आधी शोधा. स्तोत्र असेल, नमाज असेल, ओव्या असतील, नुसतं बागेला पाणी घालणं असेल. तेच वापरा.

काकूंची झोप सुधारली. तीनची जाग पूर्ण गेली नाही, पण जाग आली की उठून बसून दोन अभंग म्हणायच्या आणि पुन्हा डोळा लागायचा. गुडघे मात्र तसेच राहिले, तिथे वजनही कारण होतं.

सरांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "योगाचं भजनी मंडळ करून टाकलंस." बरं, त्याच सुमारास माझ्याकडे एक निवृत्त बँक अधिकारी येत होते, पक्के नास्तिक. बायको गेल्यानंतर रात्री छाती धडधडायची. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मला देव नको, झोप हवी." मी त्यांना ओंकार दिलाच नाही. श्वास घेताना चार अंक, सोडताना सहा, कुंभक म्हणजे श्वास रोखणं नाही, आणि संध्याकाळी मोजक्या पावलांवर श्वास ठेवून चालणं. त्यावर सरांचं म्हणणं, ओंकाराशिवाय प्राणायाम म्हणजे नुसता व्यायाम. म्हणजे काकूंच्या बाबतीत मी देव जास्त घातला आणि साहेबांच्या बाबतीत कमी! मुळात घालणारे किंवा काढणारे आपण कोण? पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त स्थिर करण्याचे एकापुढे एक पर्याय दिले आहेत. मैत्री-करुणा, श्वास बाहेर सोडून रोखणं, आणखी बरेच, आणि शेवटी ३९ व्या सूत्रात तर ज्याला जे रुचेल त्याचं ध्यान अशी मुभा दिली आहे. सरांना सूत्रं तोंडपाठ आहेत, तरी हे एक कसं वगळतात कोण जाणे. केंद्राच्या भिंतीवर 'हठप्रदीपिका' या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातल्या दुसऱ्या अध्यायाच्या १६ व्या श्लोकाची ओळ मोठ्या अक्षरात रंगवली होती, प्राणायामाने सगळे रोग जातात. त्याच श्लोकाची दुसरी ओळ सांगते की चुकीच्या अभ्यासाने सगळे रोग उद्भवतात. ती रंगवली नव्हती.

आणि परंपरेचंच बोलायचं तर गेल्या शतकातले योगगुरू कृष्णमाचार्य यांच्याकडे बघा. अय्यंगार, पट्टाभी जोईस आणि मुलगा देसिकाचार, तिघे त्यांच्याच हाताखाली शिकले आणि तिघांचा योग तीन तऱ्हांचा. पुण्यात अय्यंगारांनी दोऱ्या, लोड, खुर्च्या, लाकडी ठोकळे आणले ते माणसाला आसनात कोंबायला नव्हे, आसन माणसापर्यंत आणायला. शरीरासाठी हे सगळे मान्य करतात. मनाची वेळ आली की मात्र सगळ्यांना एकच माप.

आता तुमच्या बाईंचं. वर्गात मोठ्याने विचारू नका, एकट्या असताना विचारा: डोळे मिटल्यावर काय होतं? कुठला आवाज, कुठला वास नकोसा वाटतो? आधी काय म्हणायचात, काय करायचात, जे आता सुटलंय? रडू आलं तर हात लावायला धावू नका, समजूतही घालू नका. शेजारी बसा, खोलीत उजेड ठेवा, पाणी द्या आणि आज इथेच थांबू म्हणा. कर्म, पूर्वसंचित, आत्मा अमर आहे, हे त्यांनी विचारल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. तेराव्यापर्यंत त्यांनी ते पन्नास जणांकडून ऐकलेलं असतं. आध्यात्मिक गरज म्हणजे तुमचं अध्यात्म त्यांना देणं नव्हे. तुमचे गुरू, तुमचा सत्संग, तुमच्या व्हॉट्सॲपवरचे सुविचार घरी ठेवा. योगनिद्राही लगेच नको. शरीराच्या एकेका भागावर मन नेत गेलं की छातीपाशी येऊन अडकणारे बरेच असतात. मरगळ घालवायला म्हणून कपालभाती-भस्त्रिका देतात, पण धडधड आणि भीती असेल तर त्याने ती वाढू शकते, रक्तदाब असेल तर नकोच.

हे आधीच लिहायला हवं होतं, पण राहिलं: आपण डॉक्टर नाही. बाई खात-पीत नसतील, दिवसेंदिवस अंथरुणातून उठत नसतील, जगून काय करू असं बोलत असतील, तर चटई गुंडाळा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. नेमकं कुठे न्यावं सुचत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीत बोलतात. ज्यांना कधी अतिउत्साह आणि बिनझोपेच्या रात्री, तर कधी खोल उदासी, असं होतं त्यांना दीर्घ ध्यान आणि तीव्र प्राणायाम आपल्या जबाबदारीवर द्यायचा नाही. चालू गोळ्या योगामुळे बंद करा असं कधीही सांगायचं नाही. आमच्याकडे सांगितलं जायचं, म्हणून लिहिते. आणि काही माणसांना खरंच अंधारात, डोळे मिटून, रडून मोकळं वाटतं. तशा बाई असतील तर माझं अर्धं उत्तर त्यांना लागू नाही. तेही त्यांनाच विचारा.

एक राहिलं. प्रश्नात 'गेल्या वर्षी' एवढंच आहे. वर्षश्राद्ध झालंय की व्हायचंय? व्हायचं असेल तर त्या आठवड्यात आणि पितृपक्षात नवीन काही शिकवू नका. त्या आल्या तर ओट्याला धरून टाचा वर-खाली करून घ्या, आणि नाही आल्या तर फोन करा, पण वर्ग चुकला म्हणून नव्हे.