पेसर कोणत्या घड्याळावर पळतोय, ते आधी विचारा

तुम्ही लिहिलंय की मागच्या हाफ मॅरेथॉनमध्ये (२१ किलोमीटर) २:१५ च्या पेसरला, म्हणजे झेंडा घेऊन सव्वादोन तासांच्या वेगाने पुढे पळणाऱ्याला, धरून निघालात, बाराव्या किलोमीटरपर्यंत मजेत होतात, चौदाव्यानंतर पायांचा दगड झाला आणि उरलेलं अंतर चालत, मध्ये दोनदा उलटी काढत कसंबसं संपवलंत. आता पुन्हा नाव नोंदवलंय, हातात दहा आठवडे आहेत. विचारताय की लाँग रन, म्हणजे सरावातलं सर्वांत लांब पळणं, २४ किलोमीटरपर्यंत न्यावा का आणि पुन्हा त्याच बसमध्ये, म्हणजे पेसरमागच्या घोळक्यात, चढावं का. बारापर्यंत मजा आणि चौदाला कोसळणं या वाटेने मीही गेलेय, म्हणून जरा लांबण लावते.

मी कोच नाही, डॉक्टर तर नाहीच. त्या दिवशी छातीत दुखलं असेल, भोवळ आली असेल, कुठे आहोत ते क्षणभर कळेनासं झालं असेल, तर पुढचं काही वाचू नका, आधी तपासून घ्या. बूट, मोजे, झोप, आठवड्यातून किती दिवस पळायचं हे सोडून देते. एक हाफ पूर्ण केलेल्या माणसाला ते सांगायची गरज नाही.

थेट पेसरवर येते, कारण तुमचं दुखणं तिथंच आहे असा माझा दाट संशय आहे.

२:१५ म्हणजे किलोमीटरला ६:२४ (६ मिनिटं २४ सेकंद). पहिले ५ किलोमीटर बरोबर ३२ मिनिटांत व्हायला हवेत. मी कोसळले त्या रेसमध्ये आमच्या बसचे ३० च्या आत झाले. घड्याळ सारखं ५:५० च्या आसपास दाखवत होतं आणि पुढे झेंडा घेतलेले गृहस्थ ओरडून सांगत होते, "आत्ता दोन मिनिटं बँकेत टाकू, शेवटी उपयोगी पडतील!" ताजे पाय, आजूबाजूला गर्दी, ढोल-ताशे, कुणाला काय जाणवणार? पण ही बँक नाही, सावकार आहे. सुरुवातीला झेपेल त्यापेक्षा वेगात पळलं की स्नायूंतला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा भराभर संपतो, अंग तापतं, आणि एकदा वर चढलेले हृदयाचे ठोके नंतर वेग कमी केला तरी लवकर खाली येत नाहीत. पहिल्या पाचात मिळवलेली दोन मिनिटं शेवटच्या सहात पंधरा मिनिटं घेऊन जातात. चौदाच्या पुढे आमच्या बसमध्ये झेंडा आणि चार-पाच माणसं उरली होती.

आता ऐका यातली खरी मेख. ते गृहस्थ काही वेडे नव्हते. ते गन टाइमवर पळत होते! आमचा गट स्टार्ट लाइनपाशी पोचेपर्यंत बंदूक वाजून दोन मिनिटं उलटली होती, आणि त्यांना २:१५ गाठायचे होते ते बंदुकीपासून. आमच्या बिबला (छातीवरच्या नंबरच्या कागदाला) मात्र वेळ नोंदवणारी चिप होती, आमचा वेळ लाइन ओलांडल्यावर सुरू झाला. म्हणजे जी दोन मिनिटं आमची गेलेलीच नव्हती, ती भरून काढायला आम्ही पळत सुटलो होतो. हे मला कळलं फिनिशनंतर, सावलीत बसलेल्या दुसऱ्या पेसरकडून, आणि तोही असं सांगत होता की जणू यात काही विशेषच नाही.

मग मी आयोजकांना मेल केला. साधा प्रश्न होता: तुमचे पेसर गन टाइम धरतात की चिप टाइम, आणि हे धावणाऱ्यांना कुठे सांगितलंय? उत्तर आलं, "आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे." पुन्हा विचारलं, तर "पेसर हे स्वयंसेवक असतात, वैद्यकीय जबाबदारी धावणाऱ्याची." अहो, वैद्यकीय कुणी विचारलं होतं? तिसऱ्या मेलला उत्तर म्हणून फोटो विकत घेण्याची लिंक आली. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात टी-शर्टच्या कापडावर एक अख्खा परिच्छेद होता, पेसरबद्दल एक ओळ नाही. असो. रक्तदाब वाढवून घेण्यात अर्थ नाही.

तर बिब घ्यायला जाल तेव्हा पेसर भेटतील, त्यांना तीन गोष्टी तोंडावर विचारा. गन की चिप? सगळे किलोमीटर एकाच वेगाने की सुरुवातीला जोरात? पाण्याच्या टेबलापाशी चालणार की पळतच जाणार? चांगला पेसर तिन्हींची उत्तरं चटकन देतो आणि तो असेल तर त्याच्यासारखी सोबत नाही. "काळजी नको, आपण पोचवू" असं म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि आपल्या वेगाने पळा.

आपला वेग म्हणजे काय? २:१५ च हवं असेल तर पहिले ५ किलोमीटर ६:३५ ने जा. तिथं जेमतेम ५५ सेकंद मागे पडाल, पुढे ६:२० ने ती भरून निघतात. पहिली पंधरा मिनिटं अख्खी वाक्यं बोलता आली पाहिजेत. लोक डावी-उजवीकडून पुढे जातील, जाऊ द्या. त्यातले बरेचसे तुम्हाला सोळाच्या पुढे चालताना भेटतील.

घड्याळाची एक गंमत लक्षात ठेवा. अंतर २१.०९७५ किलोमीटर असतं, पण ते मोजलं जातं वळणावळणाला आतली कड धरून, सर्वांत छोट्या रेषेवर. तुम्ही गर्दीतून वाकडेतिकडे पळणार, त्यात जीपीएसची चूक, म्हणून घड्याळ शेवटी २१.३ किंवा २१.४ दाखवतं. घड्याळात ६:२४ ठेवून पळालात तर सव्वा ते दोन मिनिटांनी हुकाल. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या पाट्या बघून हिशेब करा.

लाँग रन २४? माझ्या मते अजिबात नको. दोन-तीनदा १६ ते १८ पुरे, आणि त्यातला शेवटचा रेसच्या दोन आठवडे आधी. मात्र त्यातल्या एकाचे शेवटचे ५ किलोमीटर रेसच्या वेगाने करा. दमलेल्या पायांनी वेग धरणं हीच तुमची अडलेली जागा आहे. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणा, वेगाचा सराव थोडा राहू द्या. त्या काळात पाय जड वाटतात, नको नको ते दुखायला लागतं, घाबरून जास्तीचं पळू नका. (कोच लोकांची यावर वेगळी मतं असतील, त्यांचं ऐकायचं तर ऐका.)

रेसच्या दिवशी नेहमीपेक्षा गरम असेल तर २:१५ विसरा. उन्हात त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, त्यावर निश्चयाचा इलाज नाही. उकाड्याची सवय व्हायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात, आदल्या आठवड्यात एकदा दुपारी पळून काही होत नाही.

आणि तुम्ही जाता जाता लिहिलंय की गुडघ्यासाठी या वेळी आधीच पेनकिलर घेणार. हे मला मुळीच पटलेलं नाही. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आणि घामाने पाणी गेलेलं शरीर, ही जोडी मूत्रपिंडांना महागात पडू शकते. गोळीशिवाय पळता येत नसेल तर गुडघा दाखवून या, रेस पुढच्या वर्षीही असते. तसंच भीतीपोटी प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी रिचवू नका. अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं, आणि उलटी-गरगरणं त्यातही होतं. तहान लागेल तसं प्या. जेल (पळताना खायची साखरेची घट्ट पेस्ट) घेत असाल तर त्यावर साधं पाणी प्या. गोड एनर्जी ड्रिंकवर जेल म्हणजे पोटात साखरेचा गोळा. तुमच्या उलट्यांत याचाही हात असू शकेल.

ठरवून चालणं कमीपणाचं नाही, हेही सांगते. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळालेल्या जेफ गॅलोवे यांनी त्याच दशकात लोकांना पळा-चाला पद्धत शिकवायला सुरुवात केली. पहिल्या किलोमीटरपासून दर टेबलापाशी अर्धा मिनिट चालणं आणि चौदाला मोडून पडल्यावर चालणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मागच्या रेसचा दर किलोमीटरचा पेस घड्याळात किंवा ॲपमध्ये असेल तर इथे टाका. पहिले पाच आणि शेवटचे सहा बघितले की पेसरने मारलं, उन्हाने मारलं की सरावच कमी होता, ते बऱ्यापैकी सांगता येईल. चिप टाइमच्या प्रमाणपत्रावर गन टाइमही छापलेला असतो काही ठिकाणी. दोन्हींत किती फरक आहे तेही लिहा.