सच्छिद्र खडकातला ‘स्ट्रेस’: ताण म्हणू, दाब म्हणू की आणखी काही?

एका मैत्रिणीने विचारलंय. ती एका शोधनिबंधाचा सारांश मराठीत करतेय, विषय असा की पाण्याने भरलेल्या सच्छिद्र खडकावर जोर आला की आतल्या बारीक बारीक पोकळ्यांच्या पातळीवर काय होतं आणि त्याचं गणित कसं मांडायचं. तिचे प्रश्न दोन. ‘स्ट्रेस’ला, म्हणजे खडकाच्या आत क्षेत्रफळामागे पडणाऱ्या जोराला, ताण लिहू की दाब? आणि ‘पोअर प्रेशर’ला, म्हणजे त्या पोकळ्यांतल्या पाण्याच्या दाबाला, छिद्रदाब चालेल का?

तिलाच सांगते. आधी ताण. बोलताना आपण ऑफिसच्या स्ट्रेसलाही ताण म्हणतो, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो, पण मराठीत ताण म्हणजे ओढ, पतंगाच्या दोरीला असतो तो. जमिनीखालचा खडक तर चहूबाजूंनी चेपलेला असतो, त्याला ताण म्हटलं की चित्रच उलटं होतं. मग दाब? तर दाब नको, कारण या विषयात दाब हा शब्द पाण्यासाठी राखून ठेवावाच लागतो. साचलेल्या पाण्याचा दाब एका जागी सगळ्या दिशांना सारखा असतो, खडकातला स्ट्रेस तसा नसतो, वरून वेगळा आडवा वेगळा. दोन्हीला एकच शब्द वापरलास तर अख्ख्या विषयाचा गाभाच गेला म्हणून समज.

गाभा काय ते चक्क्यावरून सांगते. फडक्यात दही बांधून वर वरवंटा ठेवला (घाई असली की आमच्याकडे असंच करतात) तर पहिल्या क्षणी ते वजन दही पेलत नाही, आत अडकलेलं पाणीच पेलतं, मग पाणी जसजसं पाझरतं तसतसं वजन दह्याच्या सांगाड्यावर येतं आणि तो घट्ट होत जातो. मातीचं हेच आहे हे टर्झागी या अभियंत्याने १९२० च्या दशकात, इस्तंबूलमध्ये शिकवत असताना प्रयोगाने मांडलं. एकूण भारातून पाण्याचा दाब वजा केला की उरतो तो सांगाड्याचा वाटा, आणि माती दबणार की घसरणार हे तो वाटा ठरवतो. म्हणजे इथे दाब आणि स्ट्रेस एकमेकांसमोर उभे आहेत, एकातून दुसरा वजा होतोय! म्हणून स्ट्रेसला पारिभाषिक ‘प्रतिबल’च घे. रुक्ष आहे, मान्य, पण घोळ होत नाही. आणि ‘इफेक्टिव्ह स्ट्रेस’ला, म्हणजे त्या सांगाड्याच्या वाट्याला, ‘प्रभावी प्रतिबल’ लिहून कंसात ‘सांगाड्यावरचं प्रतिबल’ असं एकदा तरी दे, नाहीतर प्रभावी म्हणजे काय हे कुणाला कळणार नाही.

आता छिद्र. सच्छिद्र रूढ आहे, ठेव (आणि ‘सछिद्र’ लिहू नकोस, स + छिद्र मध्ये च् येतोच). पण छिद्र म्हटलं की डोळ्यासमोर गोल भोक येतं, रंध्र म्हटलं की पानावरची पर्णरंध्रं. आपल्याकडच्या मांजऱ्या खडकात अशी वायूच्या बुडबुड्यांची गोल भोकं असतातही. पण कोयनेचं बघ ना, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जो भूकंप झाला त्या भागात जास्तीत जास्त सव्वा किलोमीटर खोलीपर्यंत बेसॉल्ट (आपला काळा कातळ) संपतो आणि खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागतो, त्यात भोकं कुठली, असतात त्या भेगा. धरणातल्या पाण्यामुळे त्या भेगांमधला दाब वाढतो, भेगेच्या दोन बाजू एकमेकींना आवळून असतात ती पकड सैल होते आणि आधीच घसरायच्या बेतात असलेला खडक घसरतो, असं तिथलं मुख्य स्पष्टीकरण आहे. तिथे छिद्रदाब लिहिलंस तर वाचणारा भोकं शोधत बसेल.

आणि तुझ्या निबंधात तर पोकळीचा आकार हाच मुद्दा असणार. बियो नावाच्या शास्त्रज्ञाने १९४१ साली टर्झागीचं गणित पुढे नेलं, त्यात पाण्याच्या दाबाला एका गुणांकाने गुणून मग वजा करतात, मऊ मातीत तो जवळजवळ १ आणि कठीण खडकात त्याहून कमी. तो किती कमी हे आतल्या पोकळ्या बघून काढायचं, हेच सूक्ष्मयांत्रिकीचं (मायक्रोमेकॅनिक्सचं) काम. एशेल्बी या शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये घन पदार्थात बसलेल्या लंबगोलाचं गणित सोडवलं, तो लंबगोल पोळीसारखा चपटा केला की झाली भेग. गोल पोकळी कमानीसारखी तग धरते, चपटी भेग थोड्या जोराने मिटते, म्हणून दोन खडकांत पोकळ जागा टक्क्याने सारखीच असली तरी भेगांचा खडक कितीतरी जास्त दबतो.

त्यामुळे माझं मत ‘पोकळी’ला. भोक आणि भेग दोन्ही तिच्यात मावतात. पुढारी गेला की निर्माण होणाऱ्या पोकळीने हा शब्द पार गुळगुळीत केलाय ते खरं, पण म्हणून आपण का सोडायचा? ‘पोकळीतल्या पाण्याचा दाब’ असं पहिल्यांदा सविस्तर लिही, पुढे नुसतं ‘पोकळीदाब’. पाण्याऐवजी तेल किंवा वायू असेल तर ‘द्रायूचा दाब’ (द्रायू म्हणजे वाहणारं काहीही, द्रव किंवा वायू), आणि मॉडेलला मॉडेलच राहू दे, ‘प्रतिमान’ लिहिलंस तर प्रतिबलाच्या शेजारी बसून दोघं जुळे भाऊ वाटतील.