वेस्लीवरून घरात अबोला

प्रश्न : ताई, 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही अंतराळयानावरची विज्ञानमालिका माझी लहानपणापासूनची आवडती. चौदा वर्षांच्या लेकीसोबत पुन्हा बघायला घेतली. तिला त्यातला यानावरचा हुशार पोरगा, वेस्ली क्रशर, फार आवडला. मी मात्र तो दिसला की 'आला शहाणा!' म्हणायचो. आता ती माझ्याजवळ बसतच नाही. एका पात्रावरून एवढं? – एक बाबा

उत्तर : तुमची चीड खोटी नाही, पण ती भलत्यावर निघतेय. 1987च्या पहिल्या सीझनमध्ये लेखकांनी सोपी वाट धरली : पोरगं हुशार दाखवायचं तर मोठ्यांना बावळट करायचं. 'द नेकेड नाऊ'मध्ये संसर्गाने जहाजावरचे लोक झिंगतात, वेस्ली इंजिनरूमचा ताबा घेतो आणि शेवटी जहाज वाचवायलाही तोच लागतो. हा दोष पटकथेचा. वेस्लीचं काम करणाऱ्या पंधरा वर्षांच्या विल व्हीटनने ते संवाद लिहिले नव्हते.

आता 'डेटालोर' नीट बघा. यानावरचा यंत्रमानव अधिकारी डेटा याचं सोंग घेऊन त्याचा दुष्ट भाऊ लोर वावरतोय, हा संशय वेस्लीला येतो. तो बोलायला जातो, तर कॅप्टन पिकार्ड म्हणतो, 'गप्प बस, वेस्ली.' पाठोपाठ सख्खी आईही तेच म्हणते. आणि पोराचं म्हणणं खरं असतं! हेच एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याने सांगितलं असतं तर ऐकलं असतंत, असं तो तिथेच सुनावतो. चौदाव्या वर्षी हे किती लागत असेल, आणि त्यात शेजारून बाबांचं 'आला शहाणा!'

आधी लेकीला सॉरी म्हणा. एकाच वाक्यात, 'पण' जोडलंत की माफी गेली. मग तिला विचारून तीन भाग ठरवा : पहिल्या सीझनमधला 'कमिंग ऑफ एज', चौथ्यातला 'फायनल मिशन', पाचव्यातला 'द फर्स्ट ड्यूटी'. क्रम हाच ठेवा. एका वेळी एकच भाग, पाऊण तास.

पहिल्यात वेस्ली स्टारफ्लीट अकादमीच्या, म्हणजे अंतराळयानांवरचे अधिकारी घडवणाऱ्या संस्थेच्या, प्रवेशपरीक्षेत नापास होतो. आपणही पहिल्यांदा नापास झालो होतो, असं पिकार्ड त्याला सांगतो. 'द फर्स्ट ड्यूटी' तर मालिकेतल्या उत्तम भागांपैकी. वेस्ली आता अकादमीत असतो; बंदी असलेली विमानकसरत करताना त्याच्या पथकातला जोशुआ अल्बर्ट मरतो आणि उरलेले मिळून खोटं बोलतात, वेस्लीसुद्धा. पिकार्डने फैलावर घेतल्यावर तो भर चौकशीत खरं सांगतो आणि वर्ष गमावतो. इथे त्याची हुशारी काही कामाची नाही.

बघताना मध्येच थांबवून समजावू नका, पुढचं फोडू नका. भाग संपल्यावर आधी तिला बोलू द्या. वेस्ली तरीही खटकला तर खुशाल सांगा, फक्त कोणत्या प्रसंगात आणि का, तेवढंच.