अलीकडच्या कोणत्या फँटसी आणि विज्ञान कादंबऱ्या वाचाव्यात?

नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाने गेल्या दहा वर्षांतील इंग्रजी फँटसी आणि विज्ञान कादंबऱ्यांपैकी कशापासून सुरुवात करावी, आणि पुरस्कार मिळालेली पुस्तके खरोखर त्या तोलाची असतात का, असे आपण विचारले आहे. मी व्यवसायाने भाषांतरकार आहे. दिवसभर विम्याची माहितीपत्रके आणि यंत्रांच्या पुस्तिका मराठीत आणतो, त्यामुळे माझी आवड जरा एकांगी आहे, हे आधीच सांगितलेले बरे. अंतराळातील लढाया आणि ड्रॅगन यांचा मला लवकर कंटाळा येतो. पण जिथे भाषा हीच जादू किंवा भाषा हेच यंत्र असते, ती कादंबरी माझ्या हातून सुटत नाही.

त्या दृष्टीने आर. एफ. क्वांग यांची ‘बेबेल’ (२०२२) जणू माझ्यासाठीच लिहिली असावी. १८३० च्या दशकातील ऑक्सफर्डमध्ये चांदीच्या कांबीवर दोन भाषांतील जवळपास समानार्थी शब्द कोरतात आणि दोन्ही भाषा मुरलेल्या माणसाने ते उच्चारले की भाषांतरात जे निसटते ते चांदी प्रत्यक्षात उतरवते. सुरुवातीलाच कँटनमध्ये कॉलऱ्याने मरणाच्या दारात पोचलेला एक मुलगा अशा कांबीमुळे वाचतो. तिच्यावरचा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये विषावरचा उतारा होता आणि इंग्रजीत येईपर्यंत त्याची काकवी झाली होती. हे वाचल्यावर मी पुस्तक उपडे ठेवले आणि मराठी जोड्या शोधत बसलो. आईची माया, वेदान्तातली माया, वरकमाईने जमवलेली माया, आणि पुढे मूल वाढले की झगा सैल करता यावा म्हणून शिंपी शिवणीत सोडतो ती माया! इंग्रज शिंपी त्याच जादा कापडाला ‘अलाउन्स’ म्हणतो, म्हणजे नुसती मुभा. हे दोन शब्द कोरलेली कांब काय करील, या विचारात माझी एक दुपार गेली आणि विम्याचे काम रखडले.

तरीही ‘बेबेल’ला मी पैकीच्या पैकी गुण देणार नाही, कारण लेखिकेचा वाचकावर विश्वास नाही. साम्राज्याने वसाहतींतून चांदीबरोबर शब्दही ओरबाडून नेले, हे प्रसंगातून पुरेसे उमगलेले असताना ती तेच संवादातून आणि वर तळटिपेतून पुन्हा समजावते. या कादंबरीला विज्ञान आणि फँटसी लेखकांच्या अमेरिकी संघटनेचा नेब्युला पुरस्कार मिळाला. मात्र २०२३ मध्ये चीनमधील चेंगदू येथे दिल्या गेलेल्या, याच प्रकारच्या साहित्यासाठी चाहत्यांच्या मतांनी ठरणाऱ्या ह्यूगो पुरस्कारासाठी तिला कोणतेही कारण न देता अपात्र ठरवण्यात आले आणि पुढच्या जानेवारीत मतांचे आकडे बाहेर आल्यावर त्यावरून मोठा गदारोळ झाला. तेव्हापासून मी पुरस्कारांच्या याद्या पाहतो त्या केवळ नवी नावे कळावीत म्हणून.

अर्थात ह्यूगोची निवड मनापासून पटल्याचेही एक उदाहरण आहे. बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या इतिहासाच्या अभ्यासक असलेल्या आर्केडी मार्टिन यांच्या ‘अ मेमरी कॉल्ड एम्पायर’ला (२०१९) तो २०२० मध्ये मिळाला. एका लहानशा अंतराळस्थानकाची राजदूत म्हणून नायिका बलाढ्य साम्राज्याच्या राजधानीत येते. त्या लोकांच्या भाषेत नगर, साम्राज्य आणि जग यांना एकच शब्द आहे, म्हणजे बाहेरून आलेली माणसे आपोआपच जगाबाहेरची ठरतात. लहानपणापासून तिने त्यांच्या कवितेवर जीव टाकलेला असतो, ती त्यांची भाषा उत्तम बोलते, आणि तरीही त्यांच्या लेखी ती रानटीच राहते. परक्या भाषेतल्या पुस्तकांवर पोसलेल्या आपल्यासारख्या वाचकाला हे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. राजकीय कारस्थाने मात्र मधल्या भागात गरजेपेक्षा जास्त लांबली आहेत.

अँडी विअर यांच्या ‘प्रोजेक्ट हेल मेरी’मध्ये (२०२१) एका शाळामास्तराला अंतराळात परग्रहावरचा जीव भेटतो, एवढा रसभंग मला करावाच लागेल. तो जीव सुरावटींत बोलतो, त्याला दृष्टी नाही, आणि हे दोघे लॅपटॉपवरच्या तक्त्यात एकेक आवाज नोंदवत कोश तयार करतात. त्याच्या प्रश्नांच्या शेवटी दरवेळी ‘प्रश्न’ या अर्थाचा एक वेगळा शब्द येतो. इंग्रजी वाचकाला त्याची गंमत वाटते, पण आपण वाक्याच्या शेवटी ‘का’ लावून रोज तेच करत असतो. मात्र काही दिवसांतच दोघांमध्ये सगळे सुरळीत होते, आणि कराराच्या एका कलमासाठी दोन दिवस खर्ची घालणाऱ्या मला ते अजिबात पटले नाही. मैत्री मात्र पटली.

सुरुवात कशापासून करावी, याचे माझे उत्तर सुझॅना क्लार्क यांची ‘पिरानेसी’ (२०२०) असे आहे. पुतळ्यांनी भरलेल्या अंतहीन दालनांचे एक घर, खालच्या मजल्यावर भरती-ओहोटी, आणि तिथे जवळजवळ एकटा राहणारा, रोज नेमाने डायरी लिहिणारा एक माणूस. वर्षांना तो आकडे देत नाही; अल्बट्रॉस पक्षी नैर्ऋत्येच्या दालनांत आला ते वर्ष, अशी नावे देतो. एके दिवशी जुन्या वह्या चाळताना त्याला स्वतःच्याच अक्षरातला असा मजकूर सापडतो, जो आपण कधी लिहिल्याचे त्याला आठवत नाही. पुढचे सांगणार नाही. जेमतेम अडीचशे पानांचे पुस्तक आहे, तेव्हा मलपृष्ठ न वाचता थेट पहिल्या नोंदीपासून सुरू करा.